बिडाचं काढलं, स्टीलचं बसवलं

हेडर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड, विकणारे अश्वशक्तीचा आकडा ठळक छापतात आणि ‘बसवायला मध्यम अवघड’ हे वाक्य तळाशी बारीक टायपात. आकड्यावर माझा फारसा विश्वास नव्हता आणि त्या ‘मध्यम’वर तर मुळीच नाही. तरीही खोका मागवला, कारण गाडी घेतल्यापासून ते एक काम मनात घोळत होतं आणि या वर्षी बायकोने गॅरेज रिकामं करून दिलं.

गाडी २००२ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट. कॉर्व्हेटची ही पाचवी पिढी. इथे सगळे तिला सी-५ म्हणतात. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात बनलेली, ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं एलएस-१ व्ही-८ इंजिन, कंपनीच्या कागदावर ३५० अश्वशक्ती, सहा गिअरची मॅन्युअल. गिअरबॉक्स मात्र इंजिनाला चिकटलेला नाही, तो मागच्या चाकांपाशी आहे, म्हणजे वजन पुढे-मागे सारखं वाटलं जातं. खालून बघितलं तर या गाडीत गमतीच गमती. सस्पेन्शनला आडवा पाटा, तोही लोखंडाचा नाही तर फायबरचा. पायाखालची जमीन फायबरच्या दोन थरांमध्ये चक्क बाल्सा लाकूड भरून केलेली. आमचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. व्हिडिओ कॉलवर त्यांना तो पाटा दाखवला तेव्हा म्हणाले, “अरे, पाटे तर आमच्या लाल डब्याला पण होते, आणि तू एवढे डॉलर मोजलेस?”

मी राहतो ह्यूस्टनच्या दक्षिणेला. अँगलटनचा एमएसआर ह्यूस्टन हा ट्रॅक इथून जवळ, २.३८ मैलांचा, १७ वळणांचा. तिथे वर्षातून काही वेळा गाडी पळवायला जातो. वळणातून बाहेर पडताना, साधारण चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर, ही गाडी जरा दमल्यासारखी वाटायची. इतरांच्या सी-५मध्ये शेजारी बसून बघितलं तर त्या तिथे मोकळ्या सुटत होत्या. बहुतेकांना हेडर होते.

आता हेडर करतो काय, ते आधी सांगतो. हे नीट समजून घेतल्याशिवाय पैसे घालायला मी तयार नव्हतो.

इंजिनातून जळलेला वायू बाहेर पडतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये. माझ्या गाडीचं मूळ मॅनिफोल्ड बिडाचं, आखूड आणि जाड. एका बाजूचे चारही सिलिंडर त्यात जवळजवळ लगेच एकत्र येतात. सगळी अडचण इथे आहे. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ हे सिलिंडर, उजव्या बाजूला २, ४, ६, ८. पेटण्याचा क्रम १-८-७-२-६-५-४-३. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, यात आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. म्हणजे दर ९० अंशांना एक, अगदी समान वाटणी. पण नुसती डावी बाजू घ्या. १ नंतर १८० अंशांनी ७, मग २७० अंशांनी ५, मग १८० अंशांनी ३, आणि ३ नंतर अवघ्या ९० अंशांनी परत १. उजव्या बाजूला हीच गत २ आणि ६ची. वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर वेळी २०० अंशांहून जास्त उघडा असतो, त्यामुळे ३चा वायू अजून बाहेर पडतोय तोच १चा येऊन धडकतो. पहिली लोकल फलाट सोडायच्या आत दुसरी मागे येऊन उभी राहावी, तसं. अमेरिकन व्ही-८चा तो प्रसिद्ध गडगडाट आहे ना, तोही याच असमान अंतरातून येतो. जो आवाज ऐकून लोक वळून बघतात, तो खरं तर इंजिनाची थोडी अडचणच आहे.

लांब नळ्यांचा हेडर प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी देतो. चारही नळ्या बऱ्याच पुढे जाऊन एका मोठ्या तोंडात, कलेक्टरमध्ये, मिळतात. तोवर शेजाऱ्याचा त्रास नाही. दुसरा फायदा जास्त मजेचा आहे. दाबाची लाट नळीतून जाऊन कलेक्टरपाशी पोचली, की तिथे जागा एकदम मोठी झाल्यामुळे ती कमी दाबाची लाट होऊन उलट फिरते. ती परत व्हॉल्व्हपाशी पोचते तेव्हा व्हॉल्व्ह अजून उघडाच असेल, तर सिलिंडरात उरलेला जळका वायू ती ओढून काढते. ही लाट कोणत्या आरपीएमला वेळेवर पोचेल ते नळीच्या लांबीवर ठरतं. म्हणून आखूड हेडर आणि लांब हेडर यांत फक्त जागेचा फरक नसतो. आणि म्हणूनच मूळ कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) असलेल्या गाडीत हेडरकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. कंपनीच्या कॅममध्ये हवा आत घेणारा इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ फार थोडा असतो. लाट दारात येते, पण दार लगेच बंद होतं.

हे सगळं कळल्यावर मी आकड्याची अपेक्षा निम्म्यावर आणली आणि मगच खरेदी केली.

कायद्याचंही बघावं लागतं. अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा डबा) काढून टाकणं किंवा निकामी करणं हा केंद्रीय क्लीन एअर ॲक्टचा भंग आहे. कॅलिफोर्नियात तर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असलेलेच, धुरावर परिणाम करणारे बदली भाग रस्त्यावरच्या गाडीला चालतात. तिथल्या फ्रेमाँटमधल्या माझ्या मावसभावाला म्हणूनच लांब हेडरचा विचारच सोडावा लागला. टेक्ससने १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणी बंद केली, पण ह्यूस्टनच्या परिसरात धुराची तपासणी अजून आहे, दोन ते चोवीस वर्षं वयाच्या पेट्रोल गाड्यांना. माझी त्यात बसते. लांब हेडर घातला की कन्व्हर्टर मूळ जागेवरून मागे सरकतात, आणि नियम काटेकोरपणे वाचला तर हे सरकवणंही चालत नाही. खोक्यावर ‘फक्त ट्रॅकच्या वापरासाठी’ असं छापलेलं असतं ते यासाठीच. मी कन्व्हर्टर ठेवले, मागचे ऑक्सिजन सेन्सर (धुरातला प्राणवायू मोजणारे) चालू ठेवले. बिनकन्व्हर्टरची गाडी मी एकदा ट्रॅकवर मागून हुंगली आहे. सिग्नलला तिच्या मागे उभं राहायची वेळ दुश्मनावरही येऊ नये.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाड्यांपेक्षा बुलेटच आधी आठवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे पोलिसांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. बहिणीने तो फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “दादा, तुझा पण नंबर लागेल.”

माल निवडताना माझी पसंती ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला होती. साधं लोखंड स्वस्त पडतं, पण ह्यूस्टनच्या दमट हवेत त्याचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नळीचा व्यास पावणेदोन इंच. एक पूर्णांक सात-अष्टमांश इंचाच्याही मिळतात, पण त्या मोठ्या कॅमवाल्यांसाठी. मूळ इंजिनावर मोठी नळी घातली की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ताकद जाते. कलेक्टर तीन इंची. दोन्ही बाजूंचे पाइप मधे एक्सच्या आकारात जोडणारा, कन्व्हर्टरसह आलेला मधला पाइप सोबत घेतला. गाडीचा हवा फुंकणारा एआयआर पंप मला ठेवायचा होता. इंजिन थंड असताना हा पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, त्यामुळे कन्व्हर्टर लवकर तापतात. म्हणून त्याच्या नळ्यांसाठी तोंडं असलेला हेडर निवडला. ही तोंडं नसलेला माल थोडा स्वस्त असतो आणि पुढे डोकेदुखी ठरतो.

खोक्यातलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून वायू गळू नये म्हणून मधे बसवायची पट्टी, मी वापरलं नाही. कागदी पुठ्ठ्यासारखं होतं. त्याऐवजी जनरल मोटर्सचं पत्र्याच्या अनेक थरांचं मूळ गॅस्केट आणलं. हेडरचे शंभर प्रश्न असतील तर त्यातले निम्मे गॅस्केटमुळे सुटतात किंवा चिघळतात, असं माझं मत आहे.

कामाला माझा शेजारी होता. मूळचा कोल्हापूरचा, पाइपलाइनच्या वेल्डिंगची तपासणी करतो. त्याच्या गॅरेजात वेल्डिंग मशीन आहे आणि तोंडात ‘काय नाय हुतंय’. या दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

सी-५ उचलणं हेच पहिलं काम. सगळं अंग फायबरचं, त्यामुळे जॅक चुकीच्या जागी लागला तर बाजूचं पॅनेल तडकतं. फ्रेमला चार ठिकाणी लांबट खाचा आहेत, त्यात बसणारे गोल पक मिळतात; ते लावून मगच उचलायची. आणि उचलायची ती थोडीथोडकी नाही. हेडर वरून जात नाही, खालून वर चढवावा लागतो, आणि त्याची लांबी जवळजवळ मीटरभर. चारही स्टँड सर्वांत वरच्या खाचेत ठेवले. मग मी गाडीला बाजूने दोन्ही हातांनी ढकलून हलवून बघितलं. शेजारी म्हणाला, “आता हलंल तर बरं, नंतर खाली असताना नको.”

बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग वरची कामं: कॉइलचे ब्रॅकेट, स्पार्क प्लगच्या आखूड वायरी, स्पार्क प्लग, एआयआरच्या नळ्या, डिपस्टिकची नळी. प्लग काढून ठेवायचे ते दोन कारणांसाठी. एक, हात घालायला जागा होते. दोन, स्टीलची अवजड नळी वर चढवताना ती प्लगच्या चिनीमातीला लागली तर बारीक तडा जातो, दिसत नाही, आणि मग इंजिन का अडखळतंय हे शोधत बसा. खालून ऑक्सिजन सेन्सर काढले. सेन्सरच्या वायरीसाठी एका बाजूने चिरलेली खास गोटी (सॉकेट) मिळते. ती नसेल तर काम सुरूच करू नये.

मग बिडाच्या मॅनिफोल्डचे बोल्ट. एका बाजूला सहा, दोन्ही मिळून बारा, आठ मिलिमीटरचे. आदल्या रात्री सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी परत मारलं. बोल्ट सैल करायचा तो एका दमात नाही: थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल आत जाऊ द्यायचं, पुन्हा थोडा जास्त सोडायचा. पान्याला येणारा ताण हाताला कळतो. गंज सुटत असतो तेव्हा बोल्ट करकरतो; तुटायच्या बेतात असतो तेव्हा मऊ, रबरासारखा फिरतो आणि आवाज थांबतो. तो मऊपणा जाणवला की हात थांबवायचा.

अकरा बोल्ट असे सुटले. बारावा, आठव्या सिलिंडरपाशी, फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळचा) सर्वांत मागचा, आधीच तुटलेला निघाला. डोकं गायब आणि सांध्याच्या कडेला काजळीचा काळा पट्टा. म्हणजे कित्येक वर्षं तिथून वायू गळत होता. याचं कारण सरळ आहे. सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड लागतं) ॲल्युमिनियमचा, मॅनिफोल्ड बिडाचं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी तापते, थंड होते, दर वेळी दोघं एकमेकांवर घासतात, आणि ही ओढाताण टोकाच्या बोल्टांना सर्वांत जास्त सोसावी लागते. एलएस इंजिनांचे मागचे बोल्ट तुटतात ते यामुळे.

मॅनिफोल्ड काढल्यावर बोल्टचा खुंट दिसला. नशीब असं की तो हेडच्या पृष्ठभागाच्या थोडा बाहेर होता. पूर्ण आत तुटला असता तर नेमक्या मध्यावर पंच मारून उलट्या आट्यांच्या ड्रिलने भोक पाडत बसावं लागलं असतं, तेही आडवं झोपून, आरशात बघत.

शेजाऱ्याने यंत्र आणलं. गाडीच्या कंप्युटरच्या वायरींचे जोड काढले, अर्थिंगचा चाप कामाच्या अगदी जवळ लावला. त्याने खुंटावर एक वायसर ठेवला, वर नट ठेवला आणि नटच्या पोटातून वेल्ड भरला. स्टीलचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटण्याची भीती नाही. भीती असते ती उष्णता जास्त देऊन हेड वितळवण्याची. एक-दोन सेकंद ठिणगी, मग थांबा. नट लाल झाला, मग काळा पडला. “हात नको लावू, भावा, गार हू दे,” तो म्हणाला आणि चहा मागितला. या उष्णतेनेच अर्धं काम होतं. बोल्ट तापून फुगतो, थंड होऊन आकसतो आणि गंजाची पकड मोडते. चहा संपल्यावर त्याने पाना लावला, जरा उजवीकडे, जरा डावीकडे. टक्क आवाज आला. मला वाटलं गेला. पण आटा सुटला होता, आणि खुंट नटसकट बाहेर आला. आट्यांमध्ये टॅप फिरवून साफ केले, हवा मारली.

हेडची सपाटी पितळी ब्रशने आणि हाताने साफ केली. इथे फिरती घासपट्टी वापरू नये; ॲल्युमिनियम पटकन खणलं जातं आणि गॅस्केट बसत नाही.

उजवी बाजू फार बोलण्यासारखी नाही. स्टार्टर त्याच बाजूला असल्यामुळे नळी त्याच्या वायरींजवळून जाते, तर त्या वायरींवर उष्णतारोधक बाही चढवली. हेडर खालून तिरका धरून वर नेला, जरा फिरवला आणि जागेवर बसला. डाव्या बाजूने मात्र घाम काढला. तिथून स्टीअरिंगचा शाफ्ट जातो, नेमका नळ्यांच्या वाटेत. हेडर एका कोनात अडला, दुसऱ्या कोनात अडला, आणि प्रत्येक वेळी दोन-चार मिलिमीटरचाच प्रश्न. कंपनीच्या सूचनापत्रात या टप्प्याला एक वाक्य आहे: ‘हेडर जागेवर न्या.’ शेवटी शाफ्टचा सांधा सोडवला. त्याआधी स्टीअरिंग सरळ ठेवून पट्ट्याने बांधलं आणि सांध्यावर रंगाची खूण केली. स्टीअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते, आणि खूण नसेल तर गाडी सरळ चालताना स्टीअरिंग वाकडं राहतं. शाफ्ट बाजूला झाल्यावर हेडर असा वर सरकला की शेजारी आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

बोल्ट लावताना एकच शिस्त पाळायची: सगळे हाताने, बोटांनी आट्यांवर बसले पाहिजेत, आणि तोवर एकही आवळायचा नाही. एक आधी आवळला की शेवटच्याचं भोक केसाएवढं सरकतं आणि मग माणूस जबरदस्ती करतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे जबरदस्ती सहन करत नाहीत. आट्यांना निकेल असलेलं वंगण, अगदी पुसट. मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूंना, पहिली फेरी ११ पाउंड-फूट, दुसरी १८. न्यूटन-मीटरमध्ये १५ आणि २५. आकडा बघून बऱ्याच जणांना वाटतं की इतकं कमी? हो, इतकंच. काही बोल्टांवर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) बसतच नाही, नळी आडवी येते. तिथे आखूड रिंगपाना आणि मनगटाचा अंदाज. ज्या बोल्टांवर रेंच बसतो त्यांच्यावर आधी हात बसवून घेतला, की बाकीच्यांवर अंदाज बऱ्यापैकी जमतो.

ऑक्सिजन सेन्सर आता मूळ जागेपेक्षा बरेच मागे गेले, म्हणून वायरींना जोडवायरी लागल्या. सेन्सर स्वतः तापतो, त्याच्यात हीटर असतो, त्यामुळे चालतं. पण वायर लोंबकळून नळीला टेकली तर पहिल्याच दिवशी वितळेल. एकेक वायर फ्रेमला बांधली, मग गाडीखाली झोपून टॉर्चने परत बघितली. प्लगच्या टोप्यांवर उष्णतेच्या बाह्या घातल्या.

चालू करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, नळ्या ॲसिटोनने पुसायच्या. हाताचे तेलकट ठसे राहिले तर पहिल्या तापण्यात ते स्टेनलेसमध्ये भाजले जातात आणि कायमचे बोटांचे डाग दिसतात. गाडी विकली तरी पोलिसांना तुमचे ठसे मिळतील. दुसरी, गळती बघायची. शॉप व्हॅक्यूमची नळी उलट लावून सायलेन्सरच्या एका टोकातून हवा फुंकायची, दुसरं टोक चिंध्यांनी बंद करायचं, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं. कुठे बुडबुडे आले की तिथे गळती. हेडच्या बाजूला काही नव्हतं; डाव्या कलेक्टरच्या सांध्यावर बारीक फेस आला. क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवला, परत आवळला, फेस गेला. ही तपासणी नुसत्या आवाजासाठी नाही. सेन्सरच्या आधी गळती असेल तर लाटांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, आणि कंप्युटर उगाच जास्त पेट्रोल ओतत राहतो.

गाडी बाहेर आणून चालू केली. पहिली काही मिनिटं धूर येतो, घाबरू नये. नळ्यांवरचं कारखान्यातलं तेल जळतं. चंदेरी नळ्या आधी फिक्या सोनेरी झाल्या, मग हेडजवळ जांभळी-निळी छटा चढली. आवाज अर्थातच वाढला. समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकीतून बघितलं आणि हात हलवला. ते स्वतः कधीकाळी मस्टँग चालवायचे, त्यामुळे आमची बाजू भक्कम होती.

इंजिन गार झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. काही थोडे आवळले गेले. गॅस्केट दबतं, त्यामुळे ही फेरी लागतेच.

यानंतर ट्यूनिंग. गाडीत हवा मोजणारा सेन्सर असल्यामुळे साध्या चालवण्यात कंप्युटर इंधन आपोआप जुळवून घेतो. पण पॅडल पूर्ण दाबल्यावर तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता बिडाच्या मॅनिफोल्डसाठी लिहिलेला आहे. ट्यूनिंग करणाऱ्याने एचपी ट्यूनर्स या सॉफ्टवेअरवर तो तक्ता आणि इग्निशनचं टायमिंग जुळवलं. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मी आधीही गाडी नेली होती, म्हणजे तुलना त्याच यंत्रावर. आधी मागच्या चाकांवर तीनशेच्या जरा वर मिळत होते. नंतर त्यात विसेकांची भर पडली. जाहिरातीतला आकडा यापेक्षा बराच मोठा होता. तो कुठल्या इंजिनावर, कुठल्या कॅमवर मोजला होता, हे छापलेलं नव्हतं.

पण मला डायनोचा कमाल आकडा महत्त्वाचा वाटत नाही, आलेखाचा आकार महत्त्वाचा वाटतो. चार हजारांच्या पुढे टॉर्कची (पिळाच्या जोराची) रेषा जिथे आधी उतरायला लागायची, तिथे ती आता आणखी बरंच पुढपर्यंत सपाट धावते. अँगलटनला वळणातून बाहेर पडताना याचा फरक पडला. पूर्वी जिथे गिअर खाली घ्यावा की नाही असा विचार करायचो, तिथे आता करावा लागत नाही.

किंमतही मोजावी लागते, आणि ती पैशात नाही. सहाव्या गिअरमध्ये ताशी ११० किलोमीटरला हे इंजिन जेमतेम १५०० आरपीएमवर फिरतं, आणि नेमकं त्याच आरपीएमला आता केबिनमध्ये एक सलग घुमणारा आवाज येतो. ऑस्टिनपर्यंत गाडी नेली तेव्हा बायको म्हणाली की गाणी लावायची असतील तर पाचव्यात चालव. पाचव्यात चालवली. दुसरं, नळ्या मूळ पाइपापेक्षा खाली लोंबतात. इथले रस्ते गुळगुळीत म्हणून चालतं. आपल्याकडच्या गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर पहिल्याच दिवशी कलेक्टर चेपला असता. उतारावरून रस्त्यावर येताना मी गाडी तिरकी घेतो. धुराच्या तपासणीचा प्रश्न सुटला, कारण कन्व्हर्टर आणि मागचे सेन्सर नीट काम करतात आणि कंप्युटरचे सगळे मॉनिटर (त्याच्या स्वतःच्या तपासण्या) तयार होते.

राहिली उष्णता. या गाडीत एक्झॉस्टचे पाइप दोन सीटच्या मधल्या बोगद्याच्या खालून जातात आणि त्यांच्यावर, बोगदा खालून बंद करणारा, ॲल्युमिनियमचा एक लांब पत्रा असतो, त्याला मुबलक बोल्ट. नळ्या गरम राहिल्यामुळे गिअर लिव्हरच्या आजूबाजूची जागा ऑगस्टमध्ये हात ठेवता येणार नाही इतकी तापते. हेडरला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचा सल्ला बरेच जण देतात. मी घेतला नाही, पट्टी पाणी धरून ठेवते आणि कुठे काय होतंय ते झाकते. त्यापेक्षा पत्रा काढून त्याला आतून इन्सुलेशन लावणं बरं. सामान आणून ठेवलंय, शेजाऱ्याला सांगितलंय. तो म्हणतो डिसेंबरात करू, आत्ता ह्या उकाड्यात गाडीखाली कोण झोपतंय.